मेकॅनिकलवाला डॉक्टर : सर जॉन चार्नली

मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून संपादक मंडळ दोन महिने माझ्या मागे लागलं होतं. कविता मला जमत नाही. मेसच्या पोळ्यांवर आणि हॉस्टेलच्या गरम पाण्यावर जे काही लिहिण्यासारखं होतं ते आधीच्या अंकांत सिनिअर्सनी लिहून संपवलंय. तेव्हा म्हटलं, यंदा ज्या माणसानं माझी झोप उडवली त्याच्याबद्दलच लिहावं. हा माणूस इंजिनिअर नव्हता, हाडांचा डॉक्टर होता. १९८२ साली वारला. पण त्याचं चरित्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हा आपल्याच वर्कशॉपमधून पळून मेडिकलला गेलेला कुणीतरी असावा.

सुरुवात झाली आजीच्या गुडघ्यापासून. गेली सहा-सात वर्षं ती गुडघा धरूनच चालायची. जिना बंद, जमिनीवर बसणं बंद, शेवटी देवळात जाणंही बंद झालं. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं, तेही रोबोटच्या मदतीनं. झालं! घरात एकच चर्चा. आत्याला वाटलं, डॉक्टर बाहेर चहा पीत बसणार आणि आत यंत्र कापाकापी करणार. आजीनं तर सरळ सांगितलं की यंत्राचा हात लागणार असेल तर मला घरी न्या. मी मेकॅनिकलचा, म्हणून मला पुढं ढकललं, जा, काय ते विचारून ये.

डॉक्टरांनी वेळ काढून समजावलं. आधी पायाचा सीटी स्कॅन काढतात आणि त्यावरून हाडाचं त्रिमितीय मॉडेल तयार करतात. कुठं किती मिलिमीटर कापायचं, पायाचा अक्ष किती अंशात येईल, हे सगळं आदल्या दिवशीच कॉम्प्युटरवर ठरतं. ऑपरेशनच्या वेळी मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारीक पिना बसवून त्यांना खुणेचे गोळे लावतात. कॅमेरा त्यांच्याकडे सतत बघत असतो, त्यामुळे पाय हलला तरी हाड नेमकं कुठं आहे ते यंत्राला कळतं. करवत रोबोटच्या हाताला लावलेली असते, पण ती चालवतो डॉक्टरच. ठरलेल्या हद्दीबाहेर ती जायला लागली की हात अडतो, पुढे जाऊ देत नाही. म्हणजे आपल्या भाषेत, फिक्स्चर आणि स्टॉपर, फक्त फार हुशार.

मग त्यांनी टेबलावरचं नमुन्याचं गुडघं माझ्या हातात दिलं. वर चकचकीत धातू, खाली धातूची बैठक आणि मध्ये एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा. रोबोट फक्त हे सगळं नीट जागेवर बसवायला मदत करतो, ते म्हणाले, पण आजींचा गुडघा किती वर्षं टिकेल हे बरंचसं या पांढऱ्या तुकड्यावर आहे. आणि जाता जाता म्हणाले, मेकॅनिकलला आहेस ना, मग चार्नली वाच.

सुट्टी संपवून हॉस्टेलवर आलो आणि वाचायला लागलो. त्यात आमच्या ग्रुपच्या फायनल इयर प्रोजेक्टचा विषयही प्लास्टिकची झीज हाच. पिन-ऑन-डिस्क यंत्रावर पॉलिमरची पिन फिरत्या स्टीलच्या चकतीवर दाबायची आणि किती झिजते ते मोजायचं. चार नमुने घेतले. तीन नीट आले, तिसऱ्या नंबरचा मात्र भलताच झिजला. ग्राफवर एक ठिपका आकाशात! रात्री दीड वाजता रूमवर ठरलं की तो ठिपका ‘ॲडजस्ट’ करायचा. जर्नल्समध्ये आपण सगळेच करतो, त्यात काय एवढं! ‘हो’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं मी या ‘हो’नंतर वाचलं.

जॉन चार्नलींचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बरी या गावी झाला. कापडगिरण्यांचा मुलूख. वडिलांचं औषधांचं दुकान होतं, आई नर्सचं शिक्षण घेतलेली. गावातल्याच शाळेत शिकून मुलगा मँचेस्टरला मेडिकलला गेला. १९३५ साली डॉक्टर झाला आणि १९३६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सर्जनची फेलोशिप मिळवून बसला. आपल्यातले बरेच जण त्या वयात गेटचा तिसरा अटेम्प्ट देत असतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. चार्नली लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले. डंकर्कच्या माघारीच्या वेळी ते तिथं होते, पुढं त्यांची रवानगी इजिप्तमध्ये झाली. तिथं जखमी सैनिकांसाठी स्प्लिंट आणि हत्यारं बनवण्याच्या कामात ते रमले. हातात पाना आला की खूश होणारा हा डॉक्टर होता. पुढं आयुष्यभर त्यांनी स्वतःची ऑपरेशनची हत्यारं स्वतःच डिझाइन केली आणि घरी चक्क लेथ बसवलं होतं.

युद्धानंतर १९४६ मध्ये ते ऑसवेस्ट्रीच्या प्रसिद्ध हाडांच्या हॉस्पिटलात काही महिने राहिले. हाडाचा तुकडा दुसरीकडे लावला तर तो कसा जगतो हा प्रश्न त्यांच्या डोक्यात होता. त्यासाठी पेशंट कशाला शोधायचा? त्यांनी सहकाऱ्याला गाठलं आणि स्वतःच्याच नडगीच्या हाडावर प्रयोग करवून घेतला. जखमेत जंतू गेले, हाड सडायला लागलं आणि पुन्हा ऑपरेशनं करून घ्यायची वेळ आली. हे वाचून मला आधी वेडेपणा वाटला. आजही तो शहाणपणा वाटत नाही. पण या माणसाचा स्वभाव इथं कळतो. दुसऱ्याच्या शरीरात जे घालायचं त्याची किंमत आधी आपण मोजायची, असा तो हिशेब होता.

१९४७ साली ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत कन्सल्टंट झाले. १९५० मध्ये मोडलेली हाडं न कापता कशी बसवायची यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि ते जगभर वाचलं गेलं. गुडघ्याशी त्यांचा संबंध आला तो मात्र उलट्या दिशेनं. त्या काळात गुडघा पूर्ण खराब झाला की तो बदलायची भरवशाची सोय नव्हती. दोन्ही हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकायची, दुखणं थांबायचं, पण पाय आयुष्यभर काठीसारखा सरळ. चार्नलींनी सांध्याच्या वर आणि खाली आडव्या पिना घालून त्यांना बाहेरून स्क्रूचे क्लॅम्प लावले आणि हाडं एकमेकांवर दाबून धरली. दाबाखाली हाडं काही आठवड्यांत जुळून यायची. १९५३ मध्ये यावरही त्यांचं पुस्तक आलं. माझ्या आजीचा गुडघा त्या काळात असता, तर तिला मिळाला असता तो हाच क्लॅम्प.

नंतर एका पेशंटच्या खुब्यानं त्यांची दिशा बदलली. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी ॲक्रिलिकचा कृत्रिम गोळा काढला होता, तो या पेशंटला बसवलेला. हालचाल केली की खुबा चक्क कुरकुरायचा, बिनतेलाच्या दारासारखा. घरची माणसं वैतागून गेली होती. बाकीच्यांना ही गंमत वाटली असेल, चार्नलींना त्यात घर्षण दिसलं. आवाज येतो म्हणजे गोळा आणि खोबण एकमेकांना धरतायत आणि गोळ्याचा दांडा हाडात सैल होत जाणार. मग निसर्गाचा सांधा का कुरकुरत नाही?

त्यांनी सांध्यांचं घर्षण प्रत्यक्ष मोजलं. बर्फावर बर्फ घसरतो त्याहूनही ते कमी निघालं. आतापर्यंत सगळे समजत होते की सांध्यातलं वंगण म्हणजे बेअरिंगमधल्या तेलासारखा जाड थर. चार्नलींचं मत पडलं की कमाल त्या द्रवाची कमी आणि कूर्चेच्या पृष्ठभागाची जास्त. म्हणजे धातू किंवा ॲक्रिलिक बसवून शरीरातल्या द्रवावर भिस्त ठेवणं चूक, मुळात मटेरियलच निसरडं हवं. त्या वेळी सगळ्यात निसरडं माहीत असलेलं प्लास्टिक होतं टेफ्लॉन.

दुसरा मुद्दा तर थेट आपल्या एस.ओ.एम.च्या पेपरातला. गोळा फिरताना खोबणीला जो पीळ बसतो तो घर्षणबल गुणिले त्रिज्या. घर्षणबल कमी केलंच, आता त्रिज्याही कमी करा. गोळा लहान करत करत ते ४१ मिलिमीटरवरून सुमारे २२ मिलिमीटरवर आले. खोबण मात्र बाहेरून मोठी आणि जाड. पीळ जवळजवळ निम्मा झाला! म्हणून त्यांच्या ऑपरेशनच्या नावातच कमी घर्षण हा शब्द आहे.

तिसरा प्रश्न, हे सगळं हाडात पक्कं बसवायचं कसं? याचं उत्तर मिळालं दातांच्या कॉलेजात. मँचेस्टरचे डेनिस स्मिथ दातांच्या मटेरियलचे जाणकार. कवळीसाठी वापरतात ते आपोआप घट्ट होणारं ॲक्रिलिक वापरून बघा, असं त्यांनी सुचवलं. चार्नलींनी ते गोंदासारखं नाही वापरलं. गवंडी फरशीखाली ग्राऊट भरतो तसं हाडाच्या पोकळीत दाबून भरलं. चिकटवायचं नाही, पोकळी भरून भार सगळीकडे सारखा वाटायचा. आजीच्या गुडघ्यातही त्याच जातीचं सिमेंट आहे.

विगन गावाजवळ राइटिंग्टन नावाचं क्षयरोग्यांचं जुनं हॉस्पिटल होतं. औषधं आल्यावर क्षयाचे पेशंट कमी झाले आणि खाटा रिकाम्या पडल्या. चार्नलींनी तिथं खुब्याच्या शस्त्रक्रियेचं केंद्र उभं केलं आणि शेजारी वर्कशॉप घातलं. हॅरी क्रेव्हन नावाचा एक हरहुन्नरी कारागीर त्यांना तिथं मिळाला. डॉक्टरनं स्केच काढायचं आणि क्रेव्हननं लेथवर उभं करायचं, अशी जोडी जमली.

१९५८ पासून टेफ्लॉनच्या खोबणी बसायला लागल्या. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत उठून चालायला लागली. पेशंट खूश, हॉस्पिटल खूश. आपण असतो तर रिपोर्ट सबमिट करून मोकळे झालो असतो.

पण टेफ्लॉन निसरडं आहे, कणखर नाही. दोन-तीन वर्षांत तो छोटा स्टीलचा गोळा खोबणीत काही मिलिमीटर आत घुसायला लागला. ते एक वेळ परवडलं असतं. खरी आफत होती झिजून निघालेल्या भुग्याची. शरीर त्या कणांवर तुटून पडायचं, सांध्याभोवती गाठी व्हायच्या, हाड पोखरलं जायचं. असे सुमारे ३०० पेशंट होते. तीनशे माणसं, ज्यांनी चार्नलींचे आभार मानले होते.

इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण इथं पळवाटा भरपूर होत्या. पेशंटचं वजन जास्त, त्यांनी काळजी घेतली नाही, नमुना खराब. चार्नलींनी यातली एकही घेतली नाही. माझी निवड चुकली हे त्यांनी उघड मांडलं, छापलंही. आणि त्या पेशंटना परत बोलावून एकेकाचं पुन्हा ऑपरेशन करत राहिले. स्वतःच बसवलेलं स्वतःच्या हातानं काढायचं, तेही असं महिनोन् महिने. त्या काळात त्यांना कसं वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१९६२ मध्ये कापडगिरण्यांच्या मागांना प्लास्टिकचे दातेरी भाग पुरवणारा एक विक्रेता राइटिंग्टनला येऊन टपकला. त्याच्याकडे एक नवं प्लास्टिक होतं, अति उच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. चार्नलींनी तुकडा नखानं दाबून पाहिला, नापसंती दाखवली आणि निघून गेले. क्रेव्हननं मात्र तो टाकून दिला नाही. साहेब परदेशी परिषदेला गेलेले असताना त्यानं तो झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र चालू ठेवलं. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललं. झीज किती झाली? टेफ्लॉन २४ तासांत जेवढं झिजायचं, तेवढीसुद्धा नाही! चार्नली परत आले, आकडे बघितले आणि आपलं आधीचं मत तिथल्या तिथे सोडून दिलं. वर्कशॉपमधल्या माणसाचं यंत्र बरोबर आणि आपलं नख चूक, हे मान्य करायला सगळ्याच साहेबांना जमत नाही.

तरीही एकदा पोळलेला माणूस. टेफ्लॉनचे आणि या नव्या प्लास्टिकचे बारीक कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि वाट बघत बसले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागणाऱ्या गाठी होत्या, पॉलिथिलीनच्या जागी तशा नव्हत्या. १९६३ मध्ये हे त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापलं. नव्या खोबणी १९६२ च्या नोव्हेंबरपासून बसायला लागल्या होत्या, पण आता घाई नव्हती. पुढची कित्येक वर्षं राइटिंग्टनला येऊन शिकल्याशिवाय कुठल्याही सर्जनला त्यांचा सांधा विकत मिळत नसे. लोक चिडायचे, ते ऐकायचे नाहीत. पेशंटनाही ते एक विनंती करत, की मृत्यूनंतर तो सांधा आम्हाला तपासायला द्या. बऱ्याच जणांनी होकार दिला. आपला नमुना वीस-वीस वर्षं माणसात चालवून परत मोजायला मिळावा, एवढी चिकाटी!

जंतुसंसर्गाचं भूतही होतंच. सुरुवातीला शंभरातले सात-आठ पेशंट त्यात सापडायचे, आणि सांध्यात जंतू गेले की सगळी मेहनत पाण्यात. चार्नलींनी हवेचे फिल्टर बनवणाऱ्या हॉवर्थ यांना गाठलं. ऑपरेशन टेबलाभोवती काचेची खोली, वरून गाळलेल्या हवेचा झोत, सर्जनच्या अंगावर श्वासही बाहेर ओढून नेणारा पोशाख. एकेक सुधारणा होत संसर्गाचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

मग मानसन्मान आले. १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप, १९७७ मध्ये सर ही पदवी. संसार त्यांनी उशिरा, १९५७ मध्ये मांडला, पत्नी जिल आणि दोन मुलं. ५ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयविकारानं ते गेले. त्यांनी बसवलेले अनेक खुबे पंचवीस वर्षांनंतरही चालत होते.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात गुडघा कुठं आला? साठच्या दशकाच्या शेवटी फ्रँक गन्स्टन नावाचे कॅनडाचे डॉक्टर राइटिंग्टनला आले. हे आधी इंजिनिअरिंग शिकलेले! खुब्यात चाललेलं त्रिकूट, म्हणजे धातू, पॉलिथिलीन आणि सिमेंट, त्यांनी गुडघ्यात नेलं. १९७१ मध्ये त्यांचा लेख आला. पुढं १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी जो गुडघा बसवला, त्याच्याच वंशातले आजचे बहुतेक गुडघे. रोबोट फार नंतर आला. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात रोबोडॉक नावाच्या यंत्रानं खुब्याच्या ऑपरेशनमध्ये हाड कोरलं आणि २००६ पासून मेकोचा हात अर्ध्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये यायला लागला. काप जास्त अचूक बसतो हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पण त्यामुळं गुडघा खरोखरच जास्त वर्षं टिकतो का, याचा पक्का निकाल अजून लागायचाय. चार्नली असते तर त्यांनी सांध्याच्या शेजारी वही ठेवून वीस वर्षं वाट बघितली असती.

तो पांढरा तुकडा मात्र अजून त्याच पॉलिथिलीनचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर किरणांचा मारा करून साखळ्या एकमेकींत गुंतवतात, त्यामुळं झीज आणखी कमी होते. पण घराणं तेच, क्रेव्हनच्या यंत्रावरचं.

असो. आता आमचा तिसरा नमुना. मी ग्रुपला सांगितलं की ठिपका परत वर ठेवायचा. भांडण झालं. एक जण दोन दिवस बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं, त्याचं कॅम्पसचं सिलेक्शन मार्कांवर अडलेलं. मी फक्त एवढंच विचारलं, की हा तिसरा नमुना कुणाच्या आजीच्या गुडघ्यात बसला तर? मग आम्ही आणखी तीन पिना कापल्या आणि पुन्हा टेस्ट घेतली. दोन नीट आल्या, एक परत जास्त झिजली. म्हणजे पहिली चूक नव्हती, मटेरियलमध्ये किंवा आमच्या पिना कापण्यात काहीतरी होतं. काय ते अजून सापडलेलं नाही. सरांनी ग्राफ बघून कपाळाला हात लावला, पण काढून टाका म्हणाले नाहीत. संभाव्य कारणांवर एक पान वाढवा म्हणाले. एक्स्टर्नल येतील तेव्हा काय होईल ते होईल.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो. आजी आता काठीशिवाय देवळाच्या पायऱ्या चढते, खाली मात्र बसत नाही, खुर्ची मागते. तिनं मला विचारलं की हा गुडघा किती वर्षं चालेल रे. पूर्वीचा मी असतो तर ठोकून दिलं असतं, शंभर वर्षं. या वेळी सांगितलं, की आजवर बसवलेल्यांतले बहुतेक पंधरा-वीस वर्षं चालतात, तुझा किती चालेल ते तू चालल्यावर कळेल. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, एवढं पुरे झालं.